तुटलेल्या पायाची चिप

मी जुन्या व्हिडिओ गेमच्या बोर्डावरची चिप बोलतेय. काडेपेटीएवढी लांब, काळी आणि चाळीस पायांची. गोम म्हणालात तर राग येईल. साध्या चिप्स पैशाला पासरी मिळतात. मला मात्र या एकाच खेळासाठी घडवलं. पडद्यावरचं विमान, शत्रू, स्फोट, सगळी चित्रं माझीच. माझा साचा कारखान्याने कधीच मोडीत काढला. तेव्हा थोडा तोरा असणारच.

मालकांचं गेमचं दुकान होतं. पोरं बटणं बडवायची. हरली की शिव्या मशीनला, जिंकली की शाबासकी स्वतःला. पुढे दुकान बंद पडलं आणि मी मशीनसकट मालकांच्या घरी आले.

मग मालकांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. फक्त माझ्या मशीनपुढे बसवलं की त्या हाताचं एक बोट बटणावर हलायचं. "खेळू द्या, हात यातूनच सुधारेल," डॉक्टर म्हणाले. आणि नेमका तेव्हाच माझा एक पाय गंजून मुळापासून तुटला. पडदा काळा झाला, बोटही थांबलं. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

तारांना कथलाचा डाग देऊन जोडायला वडिलांकडेच शिकलेली मालकांची मुलगी कानस घेऊन बसली.

"नवी नाही का गं मिळत?" तिच्या आईने विचारलं.

"नाही ना. हिचीच कड कोरून आतला धातू शोधायचा आणि त्याला नवा पाय जोडायचा. जरा जास्त कोरलं की संपलं."

कानस माझ्या कुशीत फिरू लागली.

"आई, बॅटरीचा उजेड हलवू नकोस!"

"मी कुठे हलवतेय? तुझंच डोकं मध्ये येतंय."

अखेर धातू चमकला. बारीक तारेचा पाय जोडला गेला. बोर्ड टेबलावर उघडाच होता, वायरी मशीनला जोडलेल्या. आनंदाच्या भरात पोरीने मला त्यावर बसवलं, ती उलटी!

माझ्या एका टोकाला खाच आहे. ती बोर्डावरच्या खुणेशी जुळली नाही, तर वीज भलत्याच पायातून शिरते आणि मी जळून जाते. मी जीव खाऊन ओरडले, पण माणसांना माझं ऐकू येत नाही.

खुर्चीतल्या मालकांनी मात्र पाहिलं. "अं... अं..."

"पाणी हवंय का?" मालकीणबाईंनी विचारलं.

त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला.

"झालंच बाबा, आता लावते." पोरीचा हात त्यांच्या उजव्या बाजूच्या स्विचकडे गेला.

तेवढ्यात तो लुळा हात मांडीवरून घसरत आला आणि स्विच झाकून त्यावर पडला.

"आई! उजवा हात!"

दोघी रडायलाच लागल्या. अहो, रडा नंतर, आधी मला काढा! त्या हाताच्या भाराने स्विच दाबला गेला असता तर? मालकांची नजर माझ्यावर खिळली होती. शेवटी पोरीने त्या नजरेच्या रोखाने पाहिलं.

"अगं बाई, उलटी बसवली मी!" तिने आधी प्लग उपटला.

मला सरळ बसवलं. प्लग लागला, स्विच दाबला. पडद्यावर विमान आलं. मालकांचं बोट बटणावर हललं आणि पहिली गोळी सुटली.

आता मी चालतेय. नवा पाय जरा वाकडा आहे आणि बाकीचे एकोणचाळीस जुनेच आहेत. किती दिवस टिकेन, ठाऊक नाही. एवढंच मागते: घरातलं न बोलणारं माणूस हात आपटू लागलं, तर पाणी हवंय का असं विचारून मोकळे होऊ नका. ते कुठे बघतंय, तिकडे बघा.