स्क्रू फिरवून बरी झालेली बाळे

मित्रांनो, मी तान्ह्या मुलांचे वजन करणारा एक जुना काटा आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा रडत असतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते आणि शेवटी तुम्हाला चुकचुकायला लावते. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला रडू येत नाही. मला किळस येते, आणि तीही मोजून मापून.

गोल पत्र्याचा चेहरा, त्यावर काच, पोटात स्प्रिंग आणि खाली एक आकडा, असे माझे रूप आहे. आकड्याला कापडी झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचे आणि काटा थांबेल तिथले वजन वाचायचे. डोक्यावर एक छोटा स्क्रू आहे. रिकामी झोळी लटकवल्यावर काटा बरोबर शून्यावर यावा, यासाठी तो असतो. कारखान्यात मला तपासणारा म्हातारा कारागीर शेजाऱ्याला म्हणाला होता, "हा काही खोटं बोलायचा नाही." बिचाऱ्याने आयुष्यभर फक्त काटे पाहिले होते, माणसे पाहिली नव्हती.

मला गोदामांच्या मागच्या गल्लीतल्या एका आरोग्यकेंद्रात टांगले. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक बाक. भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा रंगीत चित्रे होती आणि त्यांच्या खाली कोरडा नळ होता. केंद्राची वेळ सकाळी दहा ते एक. त्याच वेळी त्या वस्तीतल्या सगळ्या आया गोदामांत उभ्या राहून पिठाची पाकिटे भरत असत. ही वेळ ज्याने ठरवली त्याला मी कधी पाहिले नाही, पण त्याच्या डोक्याचे वजन करायला मला आवडले असते.

प्रत्येक बाळाचे एक कार्ड असे. त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे. वजन लाल पट्ट्यात गेले की बाळाला जादा आहार मिळे आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळे. पहिली काही वर्षे मी खरे बोललो आणि पुष्कळ बाळे लाल निघाली. सिस्टर चिठ्ठ्या लिहीत आणि मला रोज ओल्या फडक्याने पुसत. तेवढेच काय ते माझे सुखाचे दिवस.

मग महिन्यातून एकदा येणारे साहेब चिडू लागले. "एवढे लाल? बाकीच्या केंद्रांत नाहीत, मग तुमच्याकडेच कसे?"

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, इथे पाणी दिवसाआड येतं. एका खोलीत सात सात माणसं राहतात. आया दहा तास उभ्या असतात. बाळांना दिवसभर पाजणार कोण?"

"मग त्यांना समजावून सांगा ना!" साहेब म्हणाले, आणि पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच समजावले. बाळाला दूध द्या, अंडी द्या, फळे द्या, पाणी उकळून द्या, स्वतः भरपूर विश्रांती घ्या. ते ऐकायला चार म्हाताऱ्या आणि एक आजारी बाई एवढ्याच हजर होत्या. साहेब आपल्या परदेशातल्या सहलीचे वर्णन करत आहेत, अशा चेहऱ्याने त्या ऐकत होत्या.

साहेबांचे समजावणे वाया गेले, पण केंद्रात नोंदी ठेवणारा कारकून हुशार होता. एके दिवशी तो स्टुलावर चढला आणि त्याने माझ्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. रिकाम्या झोळीतच माझा काटा सातशे ग्रॅमवर जाऊन बसला. मग त्याने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि शून्य ते सातशे एवढा भाग झाकून टाकला. कोणी विचारलेच तर काच तडकली आहे म्हणायचे, असे ठरले. वा रे धन्वंतरी! औषध नाही, दूध नाही, पाणी नाही, फक्त एक पेचकस घेऊन या माणसाने दोन मिनिटांत अख्ख्या वस्तीचे कुपोषण घालवले.

सिस्टरनी ते पाहिले होते. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवले आणि कापसाचे बोळे करत बसल्या. त्या दिवसापासून मला पुसणे बंद झाले. साहेबांनी मात्र केंद्राला 'एकही लाल बाळ नाही' असे प्रशस्तिपत्र दिले आणि माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. दोन वर्षे मी खोटे बोलत राहिलो. मित्रांनो, त्या प्रशस्तिपत्रासाठी तुम्हीही टाळ्याच वाजवल्या असत्या.

त्या गल्लीत दहा महिन्यांची एक मुलगी होती. घरचे तिला मुंगी म्हणत. दर महिन्याला तिची आजी तिला घेऊन यायची, मी सातशे ग्रॅम जास्त सांगायचो, सिस्टर हिरव्या पट्ट्याच्या काठावर ठिपका काढायच्या आणि आजी खूश होऊन जायची. मुंगीचा आवाज महिन्यागणिक बारीक होत गेला. शेवटी शेवटी तिने झोळीत रडणेही सोडले होते. कार्ड मात्र हिरवेगार.

एका सकाळी आजीबरोबर मुंगीची आईसुद्धा आली. मुकादमाशी भांडून, कामावर खाडा करून आली होती. कपाळावर अजून पीठ होते. कारकुनाने काटा पाहिला आणि म्हणाला, "सहा किलो आठशे. उत्तम. पुढचं बाळ आणा."

आई हलली नाही. "सहा किलो आठशे नाही ही."

"बाई, काटा सांगतोय."

"काटा काहीही सांगू दे. मी अकरा वर्षं किलोची पाकिटं भरते. दिवसाला सहाशे. दहा ग्रॅम कमी पडलं तरी हाताला कळतं माझ्या. ही माझी पोर सहाच्या जरा वर आहे, बस्स."

"सूनबाई, शहाण्या लोकांशी वाद घालू नये," आजी कुजबुजली.

सूनबाईने ऐकले नाही. तिने मुंगीला आजीच्या कडेवर दिले, पिशवीतून गोदामाचे मोहोर लावलेले एक किलोचे पाकीट काढले आणि माझ्या झोळीत टाकले. मी सांगितले, एक किलो सातशे. बाकावरच्या म्हाताऱ्या उठून बघायला आल्या. कारकून म्हणाला, "पाकिटातच जास्त भरलं असेल," आणि आईने पाकीट उचलून त्यावरची मोहोर त्याच्यापुढे धरली.

सिस्टर खुर्चीवरून उठल्या. त्यांनी नखाने ती चिकटपट्टी खरवडून काढली. खाली काच अगदी धड होती. मग त्यांनी स्वतः स्क्रू मागे फिरवला, रिकामी झोळी शून्यावर आणली आणि मुंगीला उचलून आत ठेवले. सहा किलो शंभर.

"सिस्टर, आत्ता नको ना," कारकून हळू आवाजात म्हणाला. "महिनाअखेर आहे. साहेब येणारेत. एक तारखेला लिहू."

"माझ्या मुंगीला महिनाअखेर कळत नाही हो," आई म्हणाली.

सिस्टरनी लाल पेन शोधले. दोन वर्षांत ते वाळून गेले होते, म्हणून निळ्यानेच 'लाल' असे लिहिले आणि चिठ्ठी दिली. मोठ्या दवाखान्यात चौदा दिवस आईने बाळाजवळ राहायचे. सगळे मोफत. हा मोफत शब्द साहेबांचा फार लाडका आहे. दवाखाना दोन बस बदलून गेल्यावर येतो, आणि चौदा दिवस कामावर न येणाऱ्या बाईची जागा मुकादम पंधराव्या दिवसापर्यंत ठेवत नाही. ही दोन्ही संकटे मोफत मिळतात, एवढे खरे. आई चिठ्ठी धरून उंबऱ्यातच उभी राहिली. पोर वाचवायची की घरातल्या थोरल्या मुलाचा रोजचा घास, हे तिला त्या उंबऱ्यात ठरवायचे होते.

तेव्हा आजी म्हणाली, "तू जा. मी उभी राहते तुझ्या जागी."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. दर महिन्याला हिला इथे मीच आणली आणि मीच हसत घरी नेली."

अडुसष्ट वर्षांची ती बाई चौदा दिवस गोदामात उभी राहिली. मोठमोठ्या सभांमध्ये ज्याला आरोग्यव्यवस्था म्हणतात, ती त्या दोन आठवड्यांत एवढीच होती. मुंगी वाचली. आता ती झोळीत ठेवली की मोठ्याने ओरडते आणि लाथा मारते, असे ऐकतो.

सिस्टरनी पुढच्या रविवारी केंद्र उघडले आणि दोन वर्षांतल्या सगळ्या बाळांना परत बोलावले. 'समजावून सांगा' असे साहेब ज्यांच्याबद्दल म्हणत त्या आया सुट्टीच्या दिवशी सातपासून रांगेत होत्या. त्रेपन्न बाळे आली. एकोणीस लाल निघाली.

सोमवारी साहेब आले. त्यांनी मला शोधून काढले, खरे तर कारकुनाला शोधायला हवे होते. "यंत्रातील दोषामुळे चुकीच्या नोंदी" असे त्यांनी लिहिले आणि माझ्या गळ्यात 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी अडकवली. खोटे बोलत होतो तोवर माझ्याशेजारी फोटो काढले, आणि खरे बोललो तेव्हा बिघडलो! आता मी कोठीत मोडक्या पलंगाखाली आहे. मला धुऊन पुसून पुन्हा भिंतीवर लावा, असे मी कुणाला म्हणणार नाही. मित्रांनो, काळजी घ्यायचीच असेल तर काट्यांची घेऊ नका, काटे फिरवणाऱ्या हातांवर नजर ठेवा.

कारण त्या रविवारी सगळ्यांत शेवटी गोदामाचा एक पहारेकरी आला होता. त्याच्या कडेवर बाळ नव्हते, हातात फक्त कार्ड होते. "बोलावलंत म्हणून आलो," तो म्हणाला. "आमचा तर तीन महिन्यांपूर्वी गेला. कार्डावर ठीक होता. खरं किती होतं त्याचं?"

सिस्टरनी शेवटच्या ठिपक्यातून सातशे वजा केले. "पाच किलो तीनशे."

त्याने कार्ड घडी करून खिशात ठेवले. "मग तेव्हा सांगायचं ना, सिस्टर," तो म्हणाला. "एवढासाच होता. मी त्याला मोठ्या दवाखान्यापर्यंत चालत नेला असता."