सुईबाबा आणि आत्याचं पोट

शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापायच्या लांब टेबलावर सुईबाबा उभे होते आणि खाली माणसांची ही झुंबड! बाबांनी दंडाची कातडी चिमटीत धरली, गाद्या शिवायचा भला मोठा दाभण इकडून खुपसून तिकडून बाहेर काढला. रक्ताचा टिपूस नाही.

"आमचं रक्त आमच्या आज्ञेत आहे!" बाबा गरजले. "मधुमेह, दमा, मूळव्याध! मंतरलेली सुई उशीखाली ठेवा, औषधं बंद!"

मूळव्याधीवालीही सुई उशीखालीच ठेवायची, हे स्पष्ट सांगितलं ते बरं केलं.

माझी आत्या मात्र इन्शुलिन सोडून बसली होती. तोंडाला कोरड, पायांत त्राण नाही, आणि विचारलं तर म्हणे, "अरे, सुई काम करतेय!" हसावं की रडावं कळेना. आत्या हातची जाईल या भीतीने मी आमच्या डॉक्टरीणबाईंना थेट कारखान्यात ओढून आणलं. आत्या गर्दीत पुढेच बसली होती.

बाईंनी निर्जंतुक सुई काढली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या दंडातून आरपार घातली. रक्त नाही. मला वाटलं, जिंकलो. तर लोक धडाधड बाईंच्याच पाया पडायला लागले!

"सुईमाता!" कोणीतरी ओरडलं. गडबडीत बाबांनीही हात जोडले.

"अहो, उठा आधी!" बाई चिडल्या. "आत्या, तुम्ही इन्शुलिन कुठे टोचायचात?"

"पोटावर. चिमटीत धरून."

"रक्त यायचं?"

"छे! क्वचित एखादा थेंब." आत्या थबकली. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी रोज चमत्कार करत होते?"

"तेच सांगतेय. कातडीखाली चरबीचा मऊ थर असतो. चिमटीत तो वर येतो, मोठ्या रक्तवाहिन्या खालीच राहतात. सुई काढली की कातडी भोक आवळून घेते. त्याच थरातून इन्शुलिन हळूहळू अंगात भिनतं. घरी दाभण घेऊन बसू नका मात्र, जंतू शिरले तर हात सडेल."

"मग या बाबांच्या सुईत नि माझ्या सुईत फरक काय?"

"तुमच्या सुईत औषध असतं."

बाईंनी साखर मोजायचा मीटर काढला, आत्याने बोट पुढे केलं. मीटरवरचा आकडा पाहून बाईंचा चेहरा उतरला, आणि आम्ही तिला तडक दवाखान्यात नेलं. ती वाचली, थोडक्यात.

रक्त आलं नाही म्हणून कोणी देव होत नाही. औषध सोडा म्हणणारा भेटला, तर नमस्कार करण्याआधी त्याला एवढंच विचारा: बाबा रे, तुझ्या सुईत आहे काय?