तात्याबाची थोरली

मला एकशे बारा देशांच्या राजधान्या पाठ होत्या. आज हे सांगताना लाज वाटते, पण १९७४ साली माधवनगरच्या गिरणीत एवढ्या एका गोष्टीवर माझा रुबाब होता. चहाच्या सुट्टीत कुणीतरी मुद्दाम विचारायचं, नाथाजी, मंगोलिया? मी कप खाली न ठेवता उलानबटोर सांगायचो. गणपतीतल्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत सलग तीन वर्षं पहिला आलो, तेव्हा तर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बायको, शालू, म्हणायची की घरात काय संपलंय तेवढं मात्र तुम्हाला कधी ठाऊक नसतं. मी हसण्यावारी न्यायचो.

त्या दिवाळीनंतर शालूला ताप भरला. चौथ्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा शेजारच्या रंगूबाईंनी टांगा बोलावला आणि आम्ही तिला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, ताबडतोब इंजेक्शन द्यायला हवं. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, हिला पूर्वी कुठलं औषध सोसलं नव्हतं का?

तेव्हा मला आठवलं. लग्नाआधी याच दवाखान्यात एका सुईनं आपला जीव जाता जाता राहिला, असं शालू एकदा सांगत होती. कुठली सुई, ते तिलाही माहीत नव्हतं. ती सांगत होती तेव्हा मी पेपर वाचत नुसता हूं हूं करत होतो.

डॉक्टरांचा हात थांबला. जुना कागद शोधा, म्हणाले. नको ती सुई दिली तर हिच्या जिवावर बेतेल, आणि फार वेळ थांबताही येणार नाही.

मी धावत कारकुनाकडं गेलो. त्यानं पेशंटचं लग्नाआधीचं नाव विचारलं.

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात मी बोटानं 'शालू' लिहिलं आणि त्या दिवसापासून ती शालू झाली. त्याआधी ती कोण होती? लग्न ठरवताना मोठी माणसं तिला 'तात्याबाची थोरली' म्हणत होती. तात्याबा, म्हणजे माझे सासरे, आमच्या लग्नाआधीच वारले होते. माहेरची बाकी सगळी तिला आक्का म्हणतात. दहा वर्षं या बाईच्या हातचं जेवलो, पण बाई, तुझं नाव काय होतं, एवढं कधी विचारलं नाही. कारकून म्हणाला, रजिस्टरं सालवार आहेत आणि आत पेशंटच्या नावाप्रमाणं नोंदी आहेत, बापाच्या नावावरून काही सापडायचं नाही. साल तरी मला कुठं माहीत होतं? तिचं माहेर पार कवठे महांकाळच्या पलीकडं. जाऊन यायला अख्खा दिवस मोडला असता, आणि शालूकडं तेवढा दिवस नव्हता.

मी परत आलो तेव्हा रंगूबाई तिच्या कपाळावरची ओली घडी बदलत होत्या. काय झालं ते सांगता सांगता मला रडू फुटलं.

"धोंडुबाई," रंगूबाई म्हणाल्या. "हिच्या आदीची दोन पोरं गेली म्हणून धोंडू ठेवलं हुतं. तुमास्नी ठावं न्हाई, भावजी?"

साल त्यांना आकड्यात सांगता येईना. पण पानशेत फुटलं त्याच पावसाळ्यात ती इथं होती, हे शालूनं त्यांना नळावर पाणी भरताना सांगितलं होतं. एकसष्ट, मी म्हणालो. माझ्या सगळ्या पाठांतराचा तेवढाच एक उपयोग झाला.

कागद सापडला. त्यावर तांबड्या शाईनं लिहिलं होतं, पेनिसिलिन देऊ नये. डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं. सहाव्या दिवशी ताप उतरला.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, रंगूबाईंच्या पाया पडलो. त्या वयानं माझ्याहून लहान, संकोचून मागं सरल्या. आम्ही दोघी बोलतो, दुसरं काय, एवढंच म्हणाल्या. आणि तेरा वर्षांपूर्वी ज्या कुणी ती तांबडी ओळ लिहिली, त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. अजूनही सकाळी देवापुढं उभा राहिलो की आधी त्या माणसाला हात जोडतो.

शालूला बसता येऊ लागलं त्या दुपारी मी तिला विचारलं, तुला धोंडू म्हणू का शालू?

तिनं पदरानं डोळे टिपले.

"बा गेल्यापास्नं त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई," ती म्हणाली. "आता शालूच बरं. पन तुमी इचारलं, ह्येच लय हाय."

मी स्टूल पुढं ओढलं आणि तिच्या आधी गेलेल्या त्या दोन भावंडांची नावं विचारली. तिला ती दोन्ही माहीत होती.