ओरिनच्या दातांवर आपटलेला चमचा

मित्रांनो, सैन्ये तोफांच्या जोरावर चालतात, असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. ते खोटे आहे. पाचशे बंदूकधारी माणसांची एक अख्खी पलटण वाळवंट तुडवत पश्चिम समुद्रापर्यंत गेली, ती ज्याच्या धाकाने, तो मी. माझ्यासमोर उभे राहताना भल्याभल्या शिपायांच्या माना खाली जात आणि तोंडे घट्ट मिटत.

मी एक जुना चमचा आहे.

लोखंडी आहे. ओहायोतल्या एका लोहाराने मला घडवले, तेही घोड्याच्या नालांतून थोडे लोखंड उरले म्हणून. उमेदीची नऊ वर्षे मी एका खाणावळीत मक्याची पेज ढवळली. एके दिवशी तेथे फौजेचे डॉक्टर हॅझलटाइन जेवायला आले. त्यांनी मला उचलून पाहिले, "माप बरं आहे" म्हणाले आणि खिशात घातले. माझ्या आयुष्यातली ही एकमेव स्तुती.

त्या वर्षी अमेरिकेच्या सरकारचे मेक्सिकोशी युद्ध जुंपले होते. डॉक्टरांच्या वाट्याला जी पलटण आली, ती एका नव्या पंथाच्या माणसांची होती. शेजाऱ्यांनी त्यांना दोनदा घरादारांतून हुसकून लावले होते. पश्चिमेला कुठेतरी सुखाने राहता येईल या आशेने निघालेली ही माणसे बायकामुलांना नदीकाठच्या तंबूंत ठेवून फौजेत शिरली होती. काहींच्या बायका मात्र पलटणीचे कपडे धुण्याच्या कामावर सोबत आल्या होत्या. ही मंडळी एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणत, दारू पीत नसत, आणि शिव्या इतक्या मिळमिळीत देत की खेचरे जागची हलत नसत.

भांडण लागले ते माझ्यावरून. पंथाच्या वडीलधाऱ्यांनी निघतानाच बजावले होते की, आजारी पडलात तर कपाळाला मंतरलेले तेल लावा, दोघांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, फार तर पाल्याचा काढा घ्या. पण फौजेच्या डॉक्टरचे औषध तोंडात घेऊ नका. उलट डॉक्टरांचा नियम असा की, चमच्यातले औषध जो गिळेल तोच आजारी. त्याला गाडीत जागा. बाकीचे चालतील.

औषध म्हणजे पाऱ्याची पांढरी पूड. डोके दुखो, पोट दुखो, टाच दुखो, पूड तीच आणि चमचाही तोच. दोन रोग्यांच्या मध्ये मला पुसण्याची चाल डॉक्टरांकडे नव्हती.

यावर झेडॉक पेटिबोन नावाच्या हवालदाराने तोड काढली. "पूड गालात धरायची, कण्हत कण्हत गाडीमागे जायचं आणि थुंकायची," तो सगळ्यांना शिकवी. "आणि कण्हायचं म्हणजे कण्हायचं. काल एक बंधू शीळ घालत गेला."

अशा रीतीने धर्मही राहिला आणि गाडीही मिळाली. अडचण एकाच माणसाची होती. ओरिन थर्लो हा सुतार होता आणि त्याला खोटे बोलता येत नसे. गाडीमागे जाऊन थुंकणे ही फसवणूक आहे, असे त्याचे म्हणणे. ताप नसताना हे म्हणणे ठीक होते.

मोठी नदी ओलांडल्यावर वाळू लागली. चाके आसापर्यंत रुतत. माणसे दोर खांद्यावर घेऊन खेचरांबरोबर गाड्या ओढू लागली. वाटाड्याने सांगितलेली विहीर सापडली, पण तिच्या तळाशी एक मेलेला लांडगा होता आणि पाणी नव्हते. ओरिनला ताप चढला तो तेथेच. त्याची बायको थर्झा त्याचा एक हात गाडीच्या मागच्या फळीला बांधून त्याला चालवत होती.

"अहो, आजचा दिवस घ्या ना ती पूड," ती म्हणाली. "सगळे घेतात आणि थुंकतात. देव काही गाडीमागे बघत बसलेला नाही."

"तो सगळीकडे बघतो, थर्झा."

"मग तुमच्याकडे पण बघू दे की जरा."

मी डॉक्टरांच्या खिशातून हे ऐकत होतो. मित्रांनो, मागे पडलेल्यासाठी पलटण थांबत नसे. बिनपाण्याच्या रस्त्यात थांबणारच कशी? फळीची गाठ सुटली की ओरिन मागे राहणार, एवढा साधा हिशेब होता. थर्झा दर थोड्या वेळाने ती गाठ चाचपून पाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या पाण्याच्या तुंबड्या कोरड्या झाल्या. तहान न लागलेले दोघे-चौघे धट्टेकट्टे शिपाई खेचरांवरून पाणी शोधायला पुढे पाठवले. तहान न लागलेले असे कोणी नव्हते; पण हुकूम तसा होता. मागे उरले एकच पाणी. ते डॉक्टरांच्या औषधाच्या पिपात होते, कारण पूड गिळल्यावर दोन घोट पाणी द्यायचे, हा त्यांचा दुसरा नियम.

त्या सकाळी आजाऱ्यांना बोलावणारा बिगूल वाजला तेव्हा रोजच्या चार जणांच्या जागी छत्तीस जण रांगेत उभे होते. सर्वांत पुढे झेडॉक.

"तुला काय होतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"सगळंच होतंय, साहेब."

"कधीपासून?"

"पीप दिसल्यापासून."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी जीभ पाहिली. ती काळी पडून सुजली होती. त्यांनी मला पुढे केले.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. थुंकायला थुंकी लागते. ती कोणाकडेच उरली नव्हती. पूड जिभेला चिकटली, पाणी आले आणि सगळे पोटात गेले. वडीलधाऱ्यांची आज्ञा छत्तीस जणांनी दोन घोटांपायी मोडली. दुपारपर्यंत त्यांतले अकरा जण खरोखरच आजारी पडले. गाडीत एवढ्यांना जागा नव्हती. झेडॉक पोट धरून चालत होता आणि या वेळी कण्हायला कोणाला शिकवावे लागले नाही.

ओरिन रांगेत आलाच नाही. उन्हे डोक्यावर आली आणि तो बांधलेल्या हाताला लोंबकळू लागला. गाठ सुटली नाही. मनगट सोलून निघाले. थर्झाने सुरीने दोर कापला आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आले. त्यांचे स्वतःचे ओठ फुटले होते. पिपाच्या तळाशी पाणी खळखळत होते, ते त्यांनी पीप कानाजवळ नेऊन ऐकले. मग माझ्यात पूड घेऊन ते गुडघ्यांवर बसले. "तोंड उघड. नियम आहे."

ओरिनने दात आवळले. डॉक्टरांनी मला रेटले. मी दातांवर आपटलो. एका दाताचा टवका उडाला, पण तोंड उघडले नाही. मी आयुष्यात अनेक तोंडांत गेलो, असे दार पाहिले नव्हते.

"माझ्याकडे द्या, डॉक्टरसाहेब," थर्झा म्हणाली. "माझ्या हातून घेतील ते."

डॉक्टरांनी मला तिच्या हाती दिले. तिने त्यांच्याकडे पाठ केली, पूड वाळूत झटकली, मला झग्याला पुसले आणि पिपाची खुंटी काढली. ओरिनचे तोंड उघडले. एक चमचा. दुसरा. तिसरा.

"पूड गेली?" मागून डॉक्टर म्हणाले.

"गेली."

"खोटं बोलतेय ती," ओरिन डोळे मिटूनच म्हणाला. "वाळूत गेली."

थर्झा गर्रकन मागे वळली आणि माझ्यातला चौथा चमचा अर्धा सांडला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी त्या क्षणी मला आत काहीतरी ढिले झाल्यासारखे वाटले.

डॉक्टरांनी वाळूतली पूड पाहिली. मग त्यांनी वही काढली. "औषध घेतलं," असे लिहीत म्हणाले, "याला गाडीत घाला."

"पण साहेब, मी घेतलेलं नाही," ओरिन म्हणाला.

"वाद घालतोय म्हणजे जगेल," डॉक्टर थर्झाला म्हणाले. "उरलेलं पाणी पण पाज त्याला. आणि त्याचं तोंड बंद ठेव, मला छत्तीस जणांना उत्तर द्यायचंय."

माझ्यातून आणखी सात चमचे गेले. मग पीप रिकामे झाले. स्वतः डॉक्टरांनी त्यातला एक थेंबही घेतला नव्हता, हे फक्त मला ठाऊक आहे. दिवस कलताना खेचरे परत आली. त्यांच्या पाठीवर भरलेल्या तुंबड्या होत्या. ओरिन गाडीत होता आणि वाद घालत होता.

त्या दिवसापासून मी थर्झाकडेच राहून गेलो होतो. समुद्राशी पोचल्यावर मला परत करायला ओरिन डॉक्टरांकडे गेला, कारण त्याच्या मते मी सरकारी वस्तू. "ठेव तुझ्याकडे," डॉक्टर म्हणाले. "एक दात घेतलाय त्यानं तुझा. फिटंफाट."

मग चाळीस वर्षे मी थर्झाच्या स्वयंपाकघरात होतो. पुढे पितळी चमचे आले आणि मी कोंबड्यांच्या दाण्यांत गेलो. आता पंथाच्या प्रार्थनाघरामागे एका काचेच्या पेटीत आहे. पेटीवर पाटी आहे: 'निर्दय डॉक्टरचा विषारी चमचा'. लोक येतात, चुकचुकतात, मुलांना लांब उभे करतात. पाटी खोटी नाही. मी विष शेकडो वेळा वाहिले. पाणी साडेदहा चमचे वाहिले, तेवढे मात्र पाटीवर मावले नसावे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना एका नावाने ओळखू नका, त्या माणसांसारख्याच असतात, वगैरे मला पुष्कळ सांगायचे होते. ते राहू द्या. तुम्ही इथे आलात, तर तेवढा पश्चिमेकडच्या खिडकीचा पडदा ओढून घ्या. दुपारी ऊन तोंडावर येते.