चंद्राबाईच्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत आणि माझ्यासमोर कुणी छडी खाल्ली नाही. मी गावाचा वार्ताफलक. आमचं गाव तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथल्या वाचनालयाच्या भिंतीवर, एस.टी.च्या थांब्याच्या अगदी समोर, मी टांगलेला होतो. ही गोष्ट मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली.

आकाराम सुतारानं मला आंब्याच्या फळ्या जोडून बनवलं. वार्ताफलकाला सागवान कोण घालणार! मग त्यानं बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड माक्याच्या रसात खलली आणि मला चोपडली. काळ्या रंगाला जगात कुणी नावाजत नाही, पण मी जेवढा काळा तेवढं माझं कौतुक. पहिल्या दिवशी गाव मला बघायला आलं आणि 'झ्याक झालाय' म्हणून गेलं. नव्याचे नऊ दिवस असतात, ते मलाही मिळाले.

माझ्यावर काय काय लिहीत? पाणीपट्टी भरा, अमक्याची शेळी हरवली, ऊसतोडीची टोळी उद्या येणार. आणि गावात मयत झालं की नाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ. दुसऱ्या सकाळी ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायचे. त्या ओल्या फडक्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. फडकं अक्षरं पुसून नेतं, पण मला सगळं आठवत राहतं, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसतो.

अशात हवालदार लालासाहेब पेन्शन घेऊन पलटणीतून गावी आले. पलटणीत अडाणी जवानांची घरची पत्रं तेच लिहून देत, तिथं त्यांना लिहायची हौस लागली. दुसऱ्यांची पत्रं लिहून झाली, आता आपलं काहीतरी लिहावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी वाचनालयाचे अध्यक्ष हंबीरराव यांच्याकडे माझा खालचा अर्धा भाग मागून घेतला. हंबीररावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वरचा अर्धा गावाचा, खालचा अर्धा हवालदारांचा, असं ठरलं.

पण लिहायचं काय? तिथंच घोडं अडलं. आधी त्यांनी सुविचार लिहिले. सत्य बोलावं, वेळ दवडू नये, वगैरे. ते गावाला आधीच ठाऊक होतं आणि गाव ते पाळत नव्हतं. मग त्यांनी चंद्रावर कविता केली. तिच्यात चंद्राला रजनीनाथ म्हटलं होतं. बसची वाट बघणाऱ्या एका बाईनं विचारलं, "ह्यो रजनीनाथ कुण्या गावचा?" मग लढाईच्या हकिकती आल्या. हवालदारांनी लढाईत रसदीचं कोठार सांभाळलं होतं, पण माझ्यावर तोफा धडाडू लागल्या. शेवटी त्यांनी द्राक्षबागेला खत कोणतं घालावं तेही लिहिलं, तेव्हा बागाईतदार पोट धरून हसले. एक ना धड, भाराभर चिंध्या! लोक माझा वरचा अर्धा भाग वाचत आणि बसमध्ये चढत.

मला त्यांची चीडही यायची आणि दयाही. कारण मला खडूवरून माणूस कळतो. सुविचार लिहिताना त्यांचा खडू माझ्यावरून नुसता सरकत जाई, कविता लिहिताना कुरकुरे, आणि तोफांच्या वेळी तर मोडायचा. एकदाही तो माझ्या अंगात रुतला नव्हता.

मग धुळा धनगर वारला. हवालदारांचं अक्षर सुरेख, म्हणून मयताची खबर लिहायचं कामही आता त्यांच्याकडेच आलं होतं. त्यांनी वर नाव लिहिलं, वेळ लिहिली. जरा थांबले. आणि खालच्या अर्ध्या भागात लिहू लागले, 'धुळा कधी बसमध्ये बसला नाही. बस आली की मेंढरं कडेला घेऊन उभा राही आणि ड्रायव्हरला हात करी. सगळे ड्रायव्हर त्याला ओळखत. त्याचं नाव मात्र त्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं. ते धुळा होतं.'

त्या दिवशी खडू माझ्यात रुतला. ना कुरकुरला, ना मोडला. मी मनात म्हणालो, बाबा, सापडलं तुला! चंद्र नाही, तोफा नाहीत, तुझा विषय माणसं. आपल्याला कशाची ओढ आहे ते माणसाच्या हाताला आधी कळतं, डोक्याला मागाहून.

लोक थांबले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेतलं. बसचा ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढून उभा राहिला. त्यानंतर गावात कुणीही गेलं की हवालदार त्याच्या चार ओळी लिहीत. लोक थट्टेनं म्हणत, "हवालदार, आमच्या वळी आत्ताच ठरवून ठेवा गड्या, मागनं घाई नगं." आजूबाजूच्या गावांतही माहीत झालं की ह्या फळ्यावर नावाखाली चार ओळी दिसल्या की ते माणूस गेलं.

पण हवालदारांना चैन नव्हतं. एकदा मला पुसता पुसता ते स्वतःशीच पुटपुटले, "ज्याचं लिवलं त्यानंच वाचलं न्हाई. मग काय उपेग?" आणि त्यांनी जिवंत माणसावर लिहायचं मनावर घेतलं. ते माणूस म्हणजे चंद्राबाई.

चंद्राबाई थांब्याजवळ राहायची. विधवा, एकटी. एकुलती एक लेक बना, ती तासगावाजवळ दिलेली. लग्नातल्या मानपानावरून जावई बाळासो रुसला तो रुसलाच. त्यानं बनाला पुन्हा माहेरी पाठवलं नाही. हवालदारांनी लिहिलं ते असं:

'चंद्राबाई. बस थांबली की ही सगळ्यांच्या आधी उठते. माहेरी आलेली लेक कुणाचीही असो, तिच्या हातातली पिशवी घेते आणि तिला घरापर्यंत पोचवते. वाटेत सासरचं एक अक्षर विचारत नाही. दार आलं की पिशवी ठेवून म्हणते, जा, आई हाय घरात.'

इतकं चांगलं माझ्यावर कधी कुणी लिहिलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. चंद्राबाई त्या दिवशी भांगलणीला, पिकातलं तण काढायला, रानात गेली होती. ती संध्याकाळी आली की वाचून दाखवायचं, असं हवालदारांनी योजलं होतं. पण काम लांबलं म्हणून ती रात्री मळ्यातच राहिली, आणि ओळी न पुसता तशाच ठेवल्या. दरम्यान तासगावकडे जाणारी बस येऊन गेली होती. खिडकीतून बाळासोच्या कुणा ओळखीच्या माणसानं वर नाव आणि खाली ओळी एवढंच पाहिलं आणि पुढे जाऊन बाळासोच्या दारात सांगितलं, "तुमची सासू गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमधून बना उतरली. मागे बाळासो, भावकीतली चार माणसं आणि भाकरी-पिठल्यानं भरलेली पाटी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पाहुणे जेवण घेऊन येतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. बना उतरताच हंबरडा फोडून खाली बसली. चंद्राबाई नुकतीच मळ्यातून परतली होती. रडणारी लेक कुणाची ते तिनं पाहिलंसुद्धा नाही, सवयीनं पुढे झाली आणि म्हणाली, "दे बाय पिशवी."

बनानं वर बघितलं आणि किंकाळी फोडली. मग जी आईच्या गळ्यात पडली ती सुटेना. बसमधले लोक खिडक्यांतून बघत होते. मला वाटलं, आता सगळं गोड होणार.

बाळासो माझ्यासमोर आला. त्यानं सगळं वाचलं की नाही कोण जाणे. "जित्या माणसाला मारतो व्हय ह्यो हवालदार? आख्ख्या भावकीला सांगून निगालो, रडत आलो, भाकऱ्या आनल्या, आन् ही बया म्होरं हुबी! त्वांड कसं दावू मी गावाला?"

"आवं, मी जिती हाय हे बरं न्हवं का?" चंद्राबाई म्हणाली.

"तुमास्नी बरं. आता एकच आयका, खरंच मेलासा तरी आमी येनार न्हाई." असं म्हणून त्यानं पाटीवरचं फडकं ओढलं आणि मला वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. हवालदार हात जोडून समजावत राहिले, पण त्यांचं तिथं कोण ऐकतंय?

परतीची बस यायला वेळ होता. चंद्राबाईनं "चार पावलांवर घर हाय, च्या तरी घ्या" म्हणून विनवलं. बाळासोनं बनाला थांब्यावरून हलू दिलं नाही. मायलेकी तिथंच बसून राहिल्या, एकमेकींचा हात धरून. मग बस आली. गावच्या सगळ्या लेकींना घरी पोचवणाऱ्या बाईची लेक थांब्यावरूनच परत गेली.

हंबीररावांनी त्याच दिवशी हवालदारांना बोलावलं. हंबीरराव वाईट नव्हते, त्यांना फक्त कटकट नको होती. ते म्हणाले, "आता फकस्त खबरी लिवायच्या. जित्या मानसाचं नाव फळ्याव नगं." हवालदारांनी उभ्या जन्मात हुकूम मोडला नव्हता. ते 'बरं' म्हणाले.

खरी गोष्ट पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई आली. रागावलेली नव्हती.

"आरं लाला, आसं काय लिवलं हुतंस माझ्याव, की माझी लेक पळत आली? मला वाचून दाव."

"पुसलं काकी त्येनी."

"मग तोंडानं सांग."

हवालदारांनी तोंड उघडलं. "तुमी... पिशवी घेता..." असं काहीतरी म्हणाले आणि घाम पुसायला लागले. लिहिताना जे भराभर येई ते बोलताना घशात अडकलं. काही माणसं असतात अशी. "तोंडानं जमत न्हाई मला, काकी."

"मग लिव की परत."

"हुकूम न्हाई."

मित्रांनो, मला सगळ्या ओळी पाठ होत्या. पण फळ्याला कुठलं तोंड? आता तुमच्याशी बोलतोय तोही गोष्टीपुरताच. ती माझ्या काळ्या अंगाकडे बघत राहिली, जणू काही तिला वाचताच येत होतं आणि मीच काही दाखवत नव्हतो. त्यानंतर ती मधूनमधून येई आणि विचारी, "मिळाला का रं हुकूम?" हवालदार नकारार्थी मान हलवीत. हंबीररावांना जाऊन विचारायचं त्यांनी दोनदा मनात आणलं, तसं ते माझ्यासमोर पुटपुटलेही. पण गेले नाहीत. थंडीत चंद्राबाई तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तिचं येणं थांबलं, आणि संक्रांतीच्या आत ती गेली.

मयताला बाळासो आला. मेलात तरी येणार नाही म्हणाला होता, पण लोक काय म्हणतील याची भीती रागापेक्षा मोठी असते. तो सरळ हवालदारांकडे आला आणि खडू पुढे करत म्हणाला, "हवालदार, आता लिवा. चांगल्या चार वळी लिवा आमच्या सासूबाईंच्या. लांबलांबचं पावनं यायचं हाईत."

हंबीररावही म्हणाले, "लिवा, लिवा. आता हरकत न्हाई."

हवालदारांनी खडू घेतला. मी वाट पाहत होतो. त्यांनी वर नाव लिहिलं, त्याच्याखाली रक्षाविसर्जनाची वेळ लिहिली आणि खडू खाली ठेवला.

"येवढंच?" बाळासो म्हणाला. "धनगराचं एवढं लिवलंसा!"

"ती मागत हुती तवा दिलं न्हाई मी," हवालदार म्हणाले. "आता पावण्यांस्नी कशापायी देऊ?"

त्यानंतर त्यांनी माझ्यावर काही लिहिलं नाही, आणि दुसरीकडेही कुठं लिहिलं असं ऐकिवात नाही. बसची वेळ झाली की ते थांब्यावर येऊन बसत आणि बस गेली की उठून जात. माझ्या खालच्या अर्ध्या भागावर पुढे निवडणुकीचे कागद चिकटले. मग वाचनालयानं सिमेंटचा फळा केला आणि मला मागच्या पडवीत टेकवून ठेवलं. खालून वाळवी लागली आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी 'आमची निगा राखा' म्हणून विनवतात. मला रंग नको, खिळे नकोत. वाळवीचं काम निम्म्यावर आलं आहे, ते तिला पुरं करू द्या. पण तुमच्यापैकी कुणाला लिहायची हौस असेल आणि पुष्कळ धडपडून आपला विषय एकदाचा सापडला असेल, तर ज्याच्यावर लिहिलंत ते माणूस ऐकतंय तोवर त्याला वाचून दाखवा. लोक रागावतील, म्हणून थांबू नका. हुकमाची वाट तर पाहूच नका. हे तुम्ही कराल असं मला फारसं वाटत नाही. हवालदार तर शूर होते, आणि जवळच उभे होते. तरीही चंद्राबाई आपल्याविषयी एक ओळदेखील न ऐकता गेली.