दहा वजा करा

मी मापायचा टेप बोलून राहिलो. पोलादी पट्टीचा, तीस मीटरचा. खरं सांगू? तीसला दहा सेंटिमीटर कमी!

भिलाईच्या कारखान्यातले श्यामराव माझे मालक. रिटायर झाल्यावर भिलाईतल्याच रुआबांध्याच्या घरी त्यांनी मले दारात चेंगरलं आन् माझं दहा सेंटिमीटरचं तोंडच तुटलं. "भंगार झाला हा," म्हणत पलंगाखाली टाकलं. चार वर्षं तिथं धूळ खाल्ली. लय राग यायचा.

त्यांची पोरगी मोनाली महाराष्ट्राच्या सीमेजवळ, एका कोरडवाहू गावात मास्तरीण. तिथं मार्चातच विहीर आटायची आन् पोरी शाळा सोडून नाल्यावर घागरी घेऊन जायच्या. मागच्या वर्षी तिच्या वर्गातल्या हर्षाची आठवीची परीक्षा त्यातच बुडाली. मोनालीनं मले पलंगाखालून उचललं आन् विहिरीचं पाणी मापायला शाळेत नेलं.

"मॅडम, हा तर दहापासून सुरू होते!" हर्षा म्हणाली.

"मंग दहा वजा कर."

झालं! दर शनिवारी माझ्या टोकाला गोटा बांधायचा, मले पाण्याला टेकेपर्यंत विहिरीत सोडायचं, दहा वजा करायचे आन् आकडा शाळेच्या भिंतीवर लिहायचा. जानेवारीत आकडे भराभर वाढू लागले, म्हणजे पाणी खाली चाललं होतं. विहिरीवर देवाजीचा पंप होता, उन्हाळी धानासाठी.

देवाजी हसला. "तुटक्या टेपाचं आयकून मी धान सोडू काय वो?"

मले असा संताप आला! हर्षा मात्र विहिरीच्या पायऱ्या उतरली आन् पाण्यात हात बुडवून, वीतभर खाली, विटेवर खिळ्यानं रेघ ओढली. "काका, भिंतीवरच्या आकड्यांत पाणी दर आठवड्याला वीतभर उतरते. पुढच्या शनिवारी ते इथं येते. तुमीच पाहा."

शनिवारी सारं गाव कठड्यावर वाकलं. पाणी बरोब्बर रेघेवर!

"असंच चाललं तर परीक्षेच्या आधी विहीर कोरडी, काका. मंग मी पुन्हा नाल्यावर."

देवाजी पायऱ्या उतरून रेघेला हात लावून आला. मग त्यानं पंप बंद केला. "धान राहू दे. अर्धा एकर भाजी लावतो."

एप्रिलमधे परीक्षेला एकाही पोरीची जागा रिकामी नव्हती. हर्षा पहिली आली. वा रे माझी पोरगी! मे महिन्यातही विहिरीत कमरेएवढं पाणी होतं.

परवा श्यामराव नवा टेप घेऊन शाळेत आले. हर्षा म्हणाली, "आजोबा, हाच राहू द्या. लहान पोरं याच्यावरच वजाबाकी शिकून राहिली." श्यामरावांनी मले पुसलं आन् फळ्याजवळच्या खिळ्याला परत टांगलं.

बाप्पा, माझं तोंड आता कोणी जोडू नका. शनिवार आला की मले विहिरीत सोडा, आकडा वाचा, आन् दहा वजा करा.