न उघडलेल्या अकरा

आमच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याबद्दल मी लोकांना बरंच काही सांगत आलोय. तो शिंकला की समोरच्या दुकानाचं शटर आपोआप वर जातं. झोपेत त्याची बोटं चालू असतात, म्हणून बायको रात्री बांगड्या काढून कपाटात ठेवते. एकदा एक चोर त्याच्याकडे शिकवणी लावायला आला आणि पहिल्याच दिवशी लाजून सरळ नोकरीला लागला. यातली शटरची गोष्ट थोडी खरी आहे. एकदा गेलं होतं वर. पण त्या दिवशी वाराही बराच होता.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, मधे नुसती लाकडी फळी. चाळीस वर्षं मी त्याचं ऐकलं आणि त्याने माझं. ‘उघडत नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून गिऱ्हाइकाने कधी ऐकले नाहीत, आणि हे मात्र मी फुगवून सांगत नाही. गंजलेली पेटी असो, किल्ली आत मोडलेला दरवाजा असो, तो वरच्या खिशातून पोलादी पट्टी काढायचा, टोकाला जरा वाकवलेली, आणि वस्तूकडे असा बघायचा की जणू तिने त्याची आई काढलीय. मग उघडेपर्यंत ना चहा, ना बोलणं.

ह्याच खोडीपायी त्याची मुलगी घर सोडून गेली. तिने आपल्या टेबलाच्या खणाला एक कुलूप आणून लावलं होतं, तेही दुसऱ्या दुकानातून. ती कामावर गेल्यावर याचा हात शिवशिवला. त्याने ते उघडलं, परत लावलं, आत ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही असं तो अजून सांगतो. संध्याकाळी तिने कुलपाच्या तोंडाशी बारीक ओरखडा पाहिला. दुकानात वाढलेली पोर ती, बापाच्या पट्टीचा ओरखडा तिला अक्षरासारखा ओळखू यायचा. तिने विचारलं. तर हा म्हणाला, “मी? मी कशाला हात लावू तुझ्या खणाला?” कुलूप उघडलं म्हणून ती गेली नसती. ह्या एका वाक्यावर ती बॅग भरून गेली आणि तीन वर्षं फिरकली नाही.

मग वहिनी, म्हणजे किल्लीवाल्याची बायको, आजारी पडल्या. लिव्हर. महिनाभर इस्पितळात काढून घरी आल्या त्या निम्म्या होऊन. डॉक्टरीणबाईंनी यादी दिली, काय खायचं नाही त्याची, आणि त्यात समुद्रातलं सगळं आलं. घरी आल्यावर वहिनींनी पहिलं काम काय केलं असेल, तर मुलीला फोन. मी तिथेच होतो, त्यांच्या गजराच्या घड्याळाची कमान बदलून द्यायला गेलो होतो.

“येते ग,” मुलगी म्हणाली. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, मलाही ऐकू आलं. “पण बाबांना सांग, मी काही विचारलं तर खरं बोलायचं. एक जरी थाप मारली तरी मी ताटावरून उठेन, आणि मग तू बोलावलंस तरी यायची नाही.”

वहिनींनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. “ऐकलंत?”

“ऐकलं.”

“भावजी, तुम्हीपण या जेवायला. चौथं माणूस असलं की ही दोघं जरा शहाण्यासारखी वागतात.”

मला शहाणपणासाठी कुणी बोलावल्याची ती पहिलीच वेळ.

मुलीचा आवडता पदार्थ म्हणजे शिंपल्या आणि कोळंबी घातलेला स्पगेटी पास्ता. वहिनी तो झकास करायच्या. पण आता त्यांना ओट्याशी उभं राहवत नव्हतं. म्हणून त्या बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत, आत किल्लीवाला कंबरेला फडकं बांधून, आणि स्टुलावर मी लसूण सोलतोय. मधल्या दाराला पडदा.

“पाण्यात मीठ घातलं का?”

“घातलं.”

“चाखून बघितलं?”

“पाणी काय चाखायचं?”

“चाखा म्हणते ना. समुद्रासारखं लागलं पाहिजे.”

त्याने चमचाभर उकळतं पाणी तोंडात घेतलं, जीभ भाजली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “लागलं समुद्रासारखं.” मी इतका हसलो की लसणाची अर्धी पाकळी जमिनीवर गेली.

“आता शिंपल्या टाका पातेल्यात,” पडद्यामागून हुकूम आला. “झाकण ठेवा. पाच मिनिटांत तोंडं उघडतील. उघडणार नाहीत त्या फेकून द्या. त्या आधीच मेलेल्या असतात, त्यांनी माणूस आजारी पडतं. ऐकलंत ना?”

“ऐकलं, ऐकलं.”

पाच मिनिटं मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात मोजली. झाकण काढलं. तेहतीस शिंपल्या होत्या. बावीस आ वासून पडलेल्या, अकरा गच्च मिटलेल्या. त्याने आणखी दोन मिनिटं दिली. अकराच्या अकरा तशाच.

त्याने त्या चिमट्याने एकेक करून ताटलीत काढल्या. मला वाटलं, आता कचऱ्याच्या डब्यात जातील. पण तो वाकून त्यांच्याकडे बघत राहिला. ती नजर मला ओळखीची होती.

“अरे, वहिनी फेक म्हणाल्या,” मी हळूच म्हटलं.

“तिला कुलपातलं काय कळतं?”

“ही कुलपं नाहीत.”

“मागे बिजागरी आहे ना? मग झालं तर.” त्याने खिशातून पट्टी काढली, उकळत्या पाण्यात बुडवून घेतली, तेवढी स्वच्छता त्याला ठाऊक होती. मग जरा थांबून म्हणाला, “आणि बावीसमध्ये काय होणार रे? तीन वर्षांनी येतेय. तिचं ताट ओकंबोकं दिसायला नको.”

इथे मी उठून पडद्याबाहेर जायला हवं होतं. चार पावलं होती. त्याऐवजी मी काय केलं, तर घड्याळ पुढे धरलं आणि म्हटलं, “चल, वेळ लावतो.” एक मिनिट चाळीस सेकंद. अकरा. एकही तुटली नाही. काम बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. दोनांचा वास मला जरा निराळा वाटला, पण वर तेल-लसूण पडल्यावर तो विरला, आणि मी नाकाला समजावलं.

मुलगी आली ती औषधांचा कप्पेवाला डबा घेऊन, आईसाठी. दारात बापाला बघून थबकली.

“बारीक झालात, बाबा.”

“तू नाही झालीस.”

तिला हसू फुटलं. आम्ही तिघांनीही श्वास सोडला.

चौघं टेबलाशी बसलो. वहिनींपुढे पातळ सूप, बाकी आम्हा तिघांपुढे पास्ता. किल्लीवाल्याने स्वतः वाढला आणि मुलीच्या ताटात शिंपल्यांचा ढीग घातला. ती जेवता जेवता नोकरीचं सांगत होती, घरमालकिणीची नक्कल करत होती, बाप तोंड उघडं टाकून ऐकत होता. माझ्या ताटात त्या अकरांपैकी दोन आल्या होत्या. कडेला बारीक ओरखडा दिसला की मी काट्याने हळूच बाजूला सारत होतो. तेवढी अक्कल मला होती, आणि ती मी फक्त माझ्यापुरती वापरली.

बोलता बोलता मुलगी थांबली. तिने एक शिंपली उचलून दिव्याकडे धरली. नखाने कड चाचपली.

“बाबा.”

“हं?”

“ही शिजताना उघडली, की तुम्ही उघडली?”

किल्लीवाल्याने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला.

“आपणहून उघडली.”

“बघा हं.”

“अगं, आपणहून. चमचा लागला असेल ढवळताना.”

ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही होतात ना आत? तुम्ही सांगा.”

सगळ्या गल्लीला माहीत आहे की मी थापाड्या आहे. तिलाही माहीत होतं, लहानपणी माझ्या थापा ऐकायलाच ती फळीला कान लावून बसायची. तरी तिने विचारलं. आणि मी सुरू झालो. “बाई गं, काय सांगू. झाकण काढायच्या आधीच आतून टकटक. हा म्हणतो कोण आहे, तर सगळ्या जणी एकसुरात, उघडतोय ना, धीर धरा की. एकीने तर मला वेळ विचारली. मी सांगितली, तर म्हणते तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे.”

मुलगी हसायला लागली. बापही हसला, गरजेपेक्षा जास्त. टेबलावरून काहीतरी जड उचलून नेल्यासारखं वाटलं.

वहिनी हसल्या नाहीत. मुलीच्या हातातल्या शिंपलीकडे त्या बघत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी त्या पट्टीबरोबर संसार केला होता. त्यांना काय दिसलं असेल ते मी सांगायला नको. मुलीने अजून ती खाल्ली नव्हती. हसत होती, पण बोटात धरूनच होती. वहिनींनी हात लांबवला, ती घेतली, आणि मग तिच्या ताटातल्या आणखी तीन तशाच निवडून काढल्या.

“आई, तुला चालत नाही.”

“चार शिंपल्यांनी काय होतंय? महिनाभर सूप पिऊन तोंडाची चव गेलीय. आणि तुझा संशयही फिटेल. तुझा बाप काय मला मारायला निघालाय?”

किल्लीवाला खुर्चीतून अर्धा उठला. “अगं...” म्हणाला. त्यापुढे त्याला जे बोलायचं होतं ते बोलला असता, तर मुलगी ताटावरून उठली असती. तो पुन्हा खाली बसला. वहिनींनी चारही खाल्ल्या, सावकाश, नवऱ्याकडे बघत. मग म्हणाल्या, “मीठ बरोबर पडलंय.”

ती संध्याकाळ त्या घरातली फार वर्षांतली चांगली संध्याकाळ होती. मुलगी राहिली. बापलेकीने मिळून भांडी घासली, ती धुतेय, हा पुसतोय, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतायत. वहिनी खुर्चीत बसून ऐकत होत्या.

सकाळी नऊला त्यांना उलट्या सुरू झाल्या. अकरापर्यंत ताप इतका चढला की त्या मुलीला तिच्या मावशीच्या नावाने हाका मारू लागल्या. मी दुकान अर्धं उघडं टाकून रिक्षा आणली.

डॉक्टरीणबाई तीच, यादी देणारी. “काय खाल्लं होतं?”

“शिंपल्या,” मुलगी म्हणाली. “माझ्या ताटातल्या चार. मी नको म्हणत होते.”

“शिजल्यावर उघडल्या होत्या ना सगळ्या? बंद राहिलेली एखादी गेली का पोटात? नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरेल.”

मुलीने बापाकडे बघितलं. तिने त्याचा हात धरला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा, कोपरापासून घट्ट. त्याने त्या हाताकडे पाहिलं.

“सगळ्या उघडल्या होत्या,” तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी उभा होतो. माझ्या तोंडात एरवी शब्द मावत नाहीत.

पोटाच्या दुखण्याचं नेहमीचं औषध सुरू झालं. वहिनींचे पाय सुजले. दुपारी पायावर जांभळे डाग आले. बाकावर आम्ही तिघं. मुलीला झापड आली, तिचं डोकं बापाच्या खांद्यावर. तो हलला नाही, पाणी प्यायला सुद्धा उठला नाही. चार वाजता नर्स धावत आत गेली, तेव्हा त्याने मुलीचं डोकं हळूच भिंतीला टेकवलं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

“अकरा बंद होत्या,” तो म्हणाला. “मी उघडल्या. तिने त्यातल्या चार खाल्ल्या.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. घड्याळाकडे बघितलं, फोन उचलला, दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं, मग म्हणाल्या, “हे मी सकाळी विचारलं होतं.”

मुलगी जागी झाली होती. बाकाजवळूनच तिने विचारलं, “त्यातल्या किती खाल्ल्या तुम्ही?”

“पाच.”

“काका, तुम्ही?”

“एकही नाही,” मी म्हणालो. आयुष्यात इतकं साधं उत्तर मी कुणाला दिलं नसेल.

तिने मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी, आणि आत आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला वहिनी गेल्या. किल्लीवाल्याला काहीही झालं नाही, पाच खाऊन साधा ढेकरसुद्धा आला नाही. सकाळी सांगितलं असतं तर वाचल्या असत्या का, हे त्याने बाईंना तीनदा विचारलं. तीनदा त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. चौथ्यांदा विचारायला निघाला तेव्हा मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

आम्हाला वाटलं होतं मुलगी आता कायमची गेली. पण ती येते. दर रविवारी सकाळी दहाच्या बसने येते, कपडे धुते, आठवड्याच्या भाज्या चिरून डब्यांत भरून ठेवते, बापाच्या गोळ्या त्या कप्पेवाल्या डब्यात वारानुसार लावते. शेजारीपाजारी म्हणतात, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. किल्लीवाला शनिवारी संध्याकाळपासूनच दाढी करून बसतो.

फक्त ती त्याला काही विचारत नाही. जेवलात का, झोप लागते का, गुडघा दुखतो का, काहीच नाही. भांड्याला हात लावून बघते चहा झालाय का ते. गोळ्या मोजून बघते घेतल्या का ते. तो आपणहून सांगायला लागतो, “काल मी वेळेवर जेवलो हं,” तर ती कचऱ्याच्या डब्यात डोकावून येते. परवा रविवारी तिच्या बसची वेळ झाली, तिचं घड्याळ बंद पडलं होतं, आणि मी माझ्या दुकानात चार डझन चालती घड्याळं घेऊन बसलो होतो. ती माझ्यासमोरून गेली, कोपऱ्यावरच्या अनोळखी माणसाला वेळ विचारली, आणि बसकडे वळली.